फ्रीजचा गॅस भरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना संपत आला की आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या घराघरांत फ्रीजवर मोठा भार पडतो. आमरसाचे डबे, खवलेलं खोबरं, कोकमाचं आगळ हे असतंच. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून आधीच आणून ठेवलेली सुरमई आणि कोळंबी. नेमके तेव्हाच उकाडा टोकाला गेलेला असतो, वीज येत-जात असते आणि फ्रीज गार करेनासा होतो. शेजारी लगेच म्हणतात, "गॅस संपला असेल, भरून घ्या." मी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून आज मला हे कळकळीनं सांगायचं आहे, की फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही.

शेगडीचा गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. आतली उष्णता उचलतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत नेऊन बाहेर सोडतो आणि परत आत येतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस फ्रीजच्या अखेरपर्यंत पुरतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी भोक पडलं आहे किंवा सांधा सुटला आहे. ते न शोधता नुसता गॅस भरला तर तोही त्याच वाटेनं जाणार, आणि पैसेही त्याच्यामागून.

माझ्या ओळखीच्या एका काकींनी एकाच पावसाळ्यात दोनदा गॅस भरून घेतला होता. डबल डोअर फ्रीज. वरचा फ्रीजर कडक गार, खाली दूध नासतंय. मी बघायला गेलो तेव्हा फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड बर्फाची जाड भिंत उभी होती, पंख्याची पाती त्यात अडकलेली. अशा फ्रीजमध्ये थंड हवा पंख्यानं वरून खाली ढकलली जाते. आतल्या नळ्यांवर साचणारं हिम वितळवायला ठरावीक वेळानं एक हीटर चालू होतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला की बर्फ वाढत जातो, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा कोमट राहतो. गॅस पूर्ण असतो, बरं का.

याची परीक्षा तुम्हाला घरीच करता येते. सामान दुसरीकडे हलवा, फ्रीज बंद करा, दोन्ही दारं उघडी टाकून खाली जुनी चादर अंथरा आणि पूर्ण चोवीस तास तसाच ठेवा. मग चालू करा. काही दिवस उत्तम चालला आणि हळूहळू पुन्हा खालून गार करेनासा झाला, तर दोष बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा.

गॅस खरोखरच गळला असेल तर खुणा वेगळ्या दिसतात. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारी मागची मोटर, थांबायचं नाव घेत नाही, फ्रीजरमध्ये एकाच कोपऱ्यात थोडं हिम धरतं, बाकीचा भाग कोरडा, आणि मागची जाळी हाताला गरमच लागत नाही. अशा वेळी मेकॅनिकला सरळ विचारा, "गळती कुठे आहे ते दाखवा." गळती बुजवायची, फिल्टर बदलायचा, नळ्यांतली हवा पंपानं पूर्ण ओढून घ्यायची आणि मगच काट्यावर मोजून गॅस भरायचा, हा त्या कामाचा क्रम आहे. आणखी एक, हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. मागच्या लेबलवर आर ६००ए असं लिहिलेलं सापडेल. तो ज्वालाग्राही आहे. प्रमाण थोडं, शंभर ग्रॅमच्या आतच, पण बंद स्वयंपाकघरात तेवढंही धोक्याचं. म्हणून ते काम चाललं असताना खिडक्या-दारं उघडी ठेवा, शेगडी बंद करा आणि देवापुढचा दिवाही शांत करा.

आपल्याकडे गळतीची दोन कारणं मला वारंवार दिसतात. एक म्हणजे खारी हवा. समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवलेल्या फ्रीजच्या मागच्या जाळीवर मिठाचा थर धरतो, लोखंडी नळ्या गंजतात आणि एक दिवस सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. पावसाळ्याआधी आणि नंतर प्लग काढून ती जाळी कोरड्या ब्रशनं साफ करा. फ्रीज भिंतीपासून चार बोटं तरी पुढे हवा, आणि जमलं तर वाऱ्याच्या तोंडाशी नको. दुसरं कारण म्हणजे सुरी. सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात माशाची पिशवी चिकटते आणि माणूस सुरीनं नाहीतर उलथन्यानं टोचायला लागतो. कप्प्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि गॅसची वाट त्याच पत्र्यात. एक टोच चुकली की कप्पा गेला. नॉबच्या मधलं डिफ्रॉस्टचं बटण दाबा आणि धीर धरा. बर्फ बोटाच्या जाडीचा व्हायच्या आत ते दाबायची सवय लावली तर टोचायची वेळच येत नाही.

आता फ्रीज अजिबातच चालू होत नसेल तर. मागे कान द्या. टिक असा आवाज, क्षणभर गुणगुण, पुन्हा टिक, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायला बघतोय, पण त्याला उठता येत नाही. संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे पंप आणि दिवे एकदम लागले की २३० व्होल्टच्या जागी बरंच कमी येतं. रात्री उशिरा फ्रीज आपोआप सुरू होत असेल तर दोष विजेचा आहे आणि स्टॅबिलायझर घेणं भाग आहे. वीज भरपूर असूनही तेच चाललं असेल तर बहुधा रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा स्विच, गेलेला असतो. तो छोटा, स्वस्त भाग आहे. आधी तोच तपासून घ्या, कॉम्प्रेसर बदलायला घाईनं हो म्हणू नका. वीज गेली की फ्रीजचं बटण बंद करावं आणि ती परत येऊन स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी चालू करावं. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

पावसाळ्यात दाराचं रबर बघायलाच हवं. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आला तर तिथून दमट हवा आत शिरते आहे. ती आत गेली की हिम वाढतं आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, काळी बुरशी घड्यांतून काढा. वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं शेकून सरळ करा. रबर चिरलं असेल तर मात्र नवीनच घ्या. आमटीचं पातेलं उघडं ठेवू नका, त्याची वाफही आत हिमच होते.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय? मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं भोक बुजलं असणार. सुई काढलेल्या सिरिंजनं त्यात कोमट पाणी सोडा, बहुतेक वेळा मोकळं होतं. ते पाणी जातं मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये. या ट्रेकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्लग काढून तो ट्रे ओतून टाका आणि आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं ओतून भागत नाही.

आता मासे. बंदीच्या आधी आणलेली सगळी मासळी एकदम फ्रीजरमध्ये कोंबू नका. मधला गठ्ठा गोठायला फार वेळ लागतो, तोवर तो खराब व्हायला लागतो. साफ करून, एका वेळेपुरत्या चपट्या पिशव्या करा आणि थोड्या थोड्या लावा. फ्रीजरला उणे १८ अंश लागतात, खालच्या कप्प्याला ४ अंश किंवा कमी. बांगडा, तारली, कुपा यांच्याबद्दल जास्त जपा. हे मासे वेळेत गार झाले नाहीत तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. वासावरून ते कळेलच असं नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते आपण पाहिलं आहे. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी गावं निसर्गनंतर आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज गेली की दार उघडू नका. बंद दाराआड खालचा कप्पा साधारण चार तास तग धरतो. गच्च भरलेला मोठा फ्रीजर दोन दिवस टिकतो, सिंगल डोअरचा छोटा कप्पा मात्र काही तासच. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून द्या. गणपतीला येऊन घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी फ्रीज चालूच ठेवला असेल, तर त्यांनी हे हमखास करावं. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधे केव्हातरी सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ती मासळी टाकून द्या. फार दिवसांसाठी जायचं असेल तर फ्रीज रिकामा करा, पुसा, बंद करा आणि दारात फडक्याची घडी अडकवून ते किलकिलं ठेवा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पुराचं पाणी घराघरांत शिरलं. असा बुडालेला फ्रीज वरून वाळला म्हणून कधीही प्लगला लावू नका. भिंतींमधला फोम घाण पाणी पितो, ते पुरतं सुकत नाही, आणि वायरिंगमधून झटका बसू शकतो.

आणि कोरड्या घरातही फ्रीजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याची सवय करून घेऊ नका. आपल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर पडतं. आधी मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. तोवर लहान मुलांना अनवाणी फ्रीजपाशी जाऊ देऊ नका. घरात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवलेलं नसेल तर त्याच वायरमनकडून तेही बसवून घ्या.

नमस्कार.