साल निघते, झाड उभं राहतं

कुऱ्हाडीचा आवाज ऐकलात? झाड तोडतायत असंच वाटतं ना, मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. ही गोष्ट एका योगा मॅटची, आणि ती इथून सुरू होते. हा पोर्तुगालमधला आलेंतेजू भाग, हा कॉर्क ओक, ज्याच्या सालीची बाटलीची बुचं होतात ते झाड, आणि ही माणसं त्याची फक्त साल काढतायत. आता पातं बघा, सालीतच थांबतं, एक बोट जरी आत गेलं तर झाडाला कायमची जखम, त्यामुळे ज्याचा हात बसलाय त्यालाच कुऱ्हाड मिळते. हे काम मे ते ऑगस्टमध्येच, तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं आणि साल अशी अलगद सुटून येते.

आतला रंग बघा. ओल्या गेरूसारखा.

त्यावर पांढऱ्या रंगात ४ काढलाय, वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे साल निघाली २०२४ मध्ये. आता २०३३ पर्यंत कुणी हात लावायचा नाही, नऊ वर्षं, तिथे तसा कायदाच आहे. आणि पहिली साल निघायलाच झाड पंचविशीचं व्हावं लागतं, ती येते खडबडीत, दुसरीही जेमतेमच, बाटलीच्या बुचाला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेला, तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. लावणारा आजोबा, विकणारा नातू! झाड मात्र दोनेकशे वर्षं उभंच.

बुचं पाडून जे तुकडे उरतात ते दळायचे, दाबायचे, पातळ तक्ता कापायचा, खाली नैसर्गिक रबर लावायचं, झाली योगा मॅट.

हा पाण्याचा थेंब बघा, मुरत नाही. कॉर्कच्या पेशी बंद असतात, आत हवा, भिंतीत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ. गंमत म्हणजे कोरडी असताना ही मॅट जरा सरकते, घाम आला की घट्ट धरते, म्हणून सुरुवातीला पाण्याचा हबका मारतात.

आता मॅटवर लेझरने कोरलेलं चित्र. मधला चेहरा अझ्टेक, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या लोकांच्या, सूर्यशिळेवरचा, जी १७ डिसेंबर १७९० ला मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात जमिनीखाली सापडली, साडेतीन मीटरहून रुंद, वजन चोवीसेक टन. चेहऱ्याभोवती चार चौकोन दिसतायत ना, ती त्यांच्या समजुतीतली चार संपलेली जगं. एक जग्वारांनी खाल्लं, एक वाऱ्याने नेलं, एक आगीच्या पावसात गेलं, एक पुरात. आपण पाचव्यात, त्याचं नाव नाहुई ओलिन, म्हणजे चार-हालचाल, आणि ते भूकंपाने संपणार म्हणे.

वरच्या टोकाला ससा. त्यांच्या कथेत, तेओतिवाकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहरात देव जाळाभोवती जमले, सूर्य व्हायला उडी कोण मारणार? रुबाबदार तेकुसिस्तेकात्ल चारदा पुढे गेला, चारदा मागे आला, आणि अंगभर फोड आलेल्या गरीब नानावात्सिनने सरळ उडी टाकली. तो सूर्य झाला. मग लाजेने दुसऱ्यानेही टाकली, तोही तितकाच झळकायला लागला, तेव्हा देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला आणि तो मंद पडला, चंद्र झाला. चंद्राला आपण शशांक म्हणतो, तिकडे ससा असा पोचला.

बाकी रबर नि कॉर्क चिकटवलेले, त्यामुळे जुन्या मॅटचे दोन थर सहज सुटे होत नाहीत, आणि ती जहाजाने लांबून येते तो हिशोब वेगळाच.

हा शेवटचा शॉट रोजच्या वापरातल्या मॅटचा. सूर्य तसाच आहे, मधोमध हात-पाय कमी टेकतात. ससा मात्र तळव्यांखाली येऊन अर्धा पुसलाय.