दोन पोर्ट, दोन स्विच आणि बँडविड्थचा हिशेब

आजचा प्रश्न बहुतेक वेळा असा विचारला जातो: सर्व्हरला १० गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत, रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, त्यांना नेटवर्कशी जोडणारे दोन स्विच आहेत, तर दोन्ही पोर्ट एकत्र करून २० गिगाबिट मिळवायचे, की एक चालू ठेवून दुसरा अडचणीसाठी राखायचा? उत्तर शोधण्याआधी यातली बेरीज तपासावी असे मला वाटते, कारण बिघाडाच्या वेळी जी बँडविड्थ हाती उरणार नाही, ती नियोजनात धरता येत नाही.

लिनक्सच्या बाँडिंगमधील, म्हणजे अनेक पोर्ट एकत्र बांधून एकच जोडणी म्हणून वापरण्याच्या सोयीतील, ॲक्टिव्ह-बॅकअप पद्धतीत एकच पोर्ट वाहतूक करतो आणि दुसरा तयारीत असतो. त्यासाठी स्विचवर वेगळी रचना लागत नाही, आणि साधेपणामुळे ही पद्धत क्वचितच दगा देते. आयट्रिपलई या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २००० साली ८०२.३एडी या प्रमाणकात मांडलेल्या एलएसीपीत, म्हणजे सर्व्हर आणि स्विच यांनी एकमेकांना संदेश पाठवून केबल एकत्र करण्याच्या पद्धतीत, दोन्ही पोर्ट एकाच वेळी काम करतात, पण वाहतुकीची वाटणी पॅकेटनुसार होत नाही, ती प्रवाहानुसार होते. पॅकेट क्रम सोडून पोचू नयेत म्हणून पत्त्यांवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढून एका टीसीपी जोडणीची सगळी पॅकेट एकाच केबलवर पाठवली जातात. त्यामुळे रात्रीचा बॅकअप एकाच जोडणीवर चालत असेल, तर दोन केबल असूनही त्याला १० गिगाबिटच्या वर जाता येत नाही. त्यातही लिनक्सचा मूळ हॅश मुख्यतः मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डांचे हार्डवेअर पत्ते, पाहतो, म्हणून सगळी वाहतूक एकाच राउटरकडे जात असेल तर सर्व्हरकडून निघणारा सगळा भार एकाच केबलवर येतो आणि दुसरी रिकामी राहते. हॅशमध्ये आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक घेतले तर अनेक जोडण्यांचा भार बऱ्यापैकी वाटला जातो. स्विचकडून येणारी वाहतूक मात्र स्विचच्या स्वतःच्या हॅशवर अवलंबून असते.

आता असे समजा की वाटणी उत्तम जमली आहे आणि गर्दीच्या वेळी सर्व्हर १४ गिगाबिट वापरतो आहे. एक स्विच बंद पडला की १० उरतात, पॅकेट गळू लागतात, डेटाबेसची प्रतिकृती मागे पडते, आणि सर्व्हर जिवंत असूनही वापरणाऱ्याला तो बंद पडल्यासारखाच वाटतो. म्हणजे रोजची जास्तीची बँडविड्थ आपण रिडंडन्सी, म्हणजे बिघाडासाठी राखलेली जादा सोय, मोडून वापरत होतो. गर्दीचा भार १० च्या आत राहत नसेल तर तिसरी केबल ओढण्यापेक्षा २५ गिगाबिटचे दोन पोर्ट घ्यावेत आणि हिशेबात २५ च धरावेत.

दोन्ही केबल एकाच स्विचला जोडल्या तर एलएसीपी सोपी होते, पण तो स्विच गेला की सगळेच जाते. दोन स्विचवर ती चालवायची तर एमएलएजी (दोन स्वतंत्र स्विच सर्व्हरला एकच भासवणे) किंवा स्टॅकिंग (अनेक स्विच जोडून एकच स्विच बनवणे) लागते. स्टॅकचे नियंत्रण एकाच मेंदूकडे असते आणि फर्मवेअर बदलताना अनेकदा सगळा स्टॅक एकदम रीस्टार्ट होतो, म्हणून माझा कल एमएलएजीकडे आहे. आयस्कझीच्या, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरू देणाऱ्या, स्टोरेजसाठी मात्र पोर्टांचे बाँडिंग न करता ते वेगळे ठेवून मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक स्वतंत्र मार्ग, वापरणे बरे.

याउलट एचडीएफएससारख्या, म्हणजे फाइलींचे ब्लॉक अनेक सर्व्हरवर पसरून ठेवणाऱ्या, व्यवस्थेत प्रत्येक ब्लॉकच्या मुळातच तीन प्रती असतात आणि रॅकची माहिती दिली असेल तर त्या एकाहून अधिक रॅकमध्ये ठेवल्या जातात. तिथे प्रत्येक सर्व्हरला एकच वेगवान केबल देणे, म्हणजे बँडविड्थ निवडणे, मला पूर्णपणे योग्य वाटते. फक्त रॅकमधून बाहेर नेणाऱ्या वरच्या जोडण्या पाहाव्यात: ४८ सर्व्हर प्रत्येकी १० गिगाबिटचे आणि वर जाणाऱ्या ४० गिगाबिटच्या ४ केबल, म्हणजे ४८० ला १६०. अशा ठिकाणी सर्व्हरची केबल दुप्पट केल्याने रॅकबाहेर काहीही वाढत नाही.

चाचणीबद्दल एक गोष्ट. केवळ केबल उपसून पाहणे पुरेसे नाही, कारण स्विच गोठला तरी त्याच्या पोर्टचा दिवा पेटलेला राहू शकतो आणि लिंकची स्थिती पाहणारे बाँडिंग त्याला निरोगीच समजते. एलएसीपीला हे कळते, पण मंद गतीत तिचे संदेश ३० सेकंदांनी येतात आणि तीन चुकल्यावर, म्हणजे ९० सेकंदांनी, लिंक बाजूला केली जाते. जलद गतीत हेच ३ सेकंदांत होते. ही जलद गती लिनक्समध्ये आपोआप मिळत नाही, ती निवडावी लागते.