व्हॉक्सेलमधला आकडा कशाचा आहे?

मेंदूची एमआरआय प्रतिमा व्हॉक्सेलांच्या (प्रतिमेच्या छोट्या घनाकार तुकड्यांच्या) एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर नेताना कोणते इंटरपोलेशन, म्हणजे शेजारच्या मूल्यांवरून नव्या बिंदूचे मूल्य काढण्याची कोणती पद्धत, वापरावे, असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात आणि मी एखाद्या पद्धतीचे नाव सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. मी आधी उलट विचारतो, की तुमच्या व्हॉक्सेलमधला आकडा हे मोजमाप आहे की नुसते नाव?

फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर मेंदूच्या भागांना जे क्रमांक देते, त्यांत डाव्या गोलार्धातील श्वेतद्रव्य २, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) ३ आणि पार्श्व निलय (आतली द्रवाने भरलेली पोकळी) ४ आहे. श्वेतद्रव्य आणि निलय एकमेकांना जिथे भिडतात, तिथे या लेबल-प्रतिमेवर (जिच्यात आकडा म्हणजे भागाचे नाव) रेषीय इंटरपोलेशन चालवले, तर नवा बिंदू बरोबर मध्यावर पडताच २ आणि ४ यांची सरासरी ३ येते आणि मेंदूच्या ऐन गाभ्यात, निलयाभोवती कॉर्टेक्सची पातळ कडा उगवते. संगणक कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या लेखी ३ हा वैध क्रमांक आहे. म्हणून लेबलांसाठी सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचे मूल्य जसेच्या तसे घ्यावे. त्याने कडा दातेरी होतात, हे खरे. ते खटकत असेल, तर प्रत्येक लेबलचा वेगळा मास्क (त्या लेबलच्या जागी १, इतरत्र ०) करून त्यावर रेषीय इंटरपोलेशन करावे आणि प्रत्येक जागी ज्याचे मूल्य सर्वाधिक, ते लेबल ठेवावे. मला स्वतःला ही वाट अधिक पसंत आहे.

मोजमापाच्या प्रतिमेला मात्र जवळच्या व्हॉक्सेलची पद्धत लावू नये. १ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये ती तिरक्या दिशेने सुमारे ०.८७ मिलिमीटरपर्यंत चूक करू शकते, आणि कॉर्टेक्सची सरासरी जाडीच मुळी सुमारे २.५ मिलिमीटर असते. त्रिरेषीय पद्धत आठ शेजाऱ्यांची भारित सरासरी घेते. ती वेगवान आहे आणि मूळ मूल्यांच्या मर्यादेबाहेर कधी जात नाही. पण ती प्रतिमा धूसर करते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. नवा बिंदू जुन्या बिंदूवरच पडला, तर नॉइज (मोजमापातील यादृच्छिक चढउतार) जसाच्या तसा राहतो. एका अक्षावर अर्धा व्हॉक्सेल सरकला, तर नॉइजचे प्रचरण (व्हेरियन्स) निम्मे होते. त्यामुळे किंचित फिरवलेल्या प्रतिमेत खरखरीत आणि गुळगुळीत पट्टे आलटून पालटून दिसतात.

घन बी-स्प्लाइन आणि विंडो लावलेले सिंक या अधिक शेजारी विचारात घेणाऱ्या पद्धती बारकावे अधिक जपतात, पण तीव्र कडेजवळ मूल्य उसळते किंवा शून्याखालीही जाते. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन प्रतिमांत पुढे सिग्नलचा लॉगॅरिथम घ्यायचा असल्याने हे ऋण आकडे गणितच अडवतात, तेव्हा ते आधी शून्यावर आणून मास्कबाहेर, म्हणजे हिशेबाबाहेर, ठेवावे लागतात.

पद्धत कोणतीही निवडा, रीसॅम्पलिंग (नव्या जाळीवर मूल्ये काढणे) एकदाच करा. हालचाल दुरुस्ती, मेंदूची रचना दाखवणाऱ्या टी-१ प्रतिमेशी जुळवणी आणि प्रमाण मेंदूवर (तुलनेसाठीच्या सामाईक साच्यावर) नेणे या तिन्ही रूपांतरणांची आधी सांगड घालून मग मूळ प्रतिमेलाच हात लावावा, कारण प्रत्येक टप्प्यावर धूसरपणाची भर पडत जाते.

जाळी विरळ करताना तर इंटरपोलेशनवर विसंबूच नये. १ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर जाताना एका नव्या व्हॉक्सेलमध्ये जुने २७ मावतात. दोन्ही जाळ्या जुळलेल्या असतील, तर नवे केंद्र नेमके मधल्या व्हॉक्सेलवर पडते, आणि मग त्रिरेषीय पद्धत तेवढे एकच मूल्य उचलून उरलेली २६ मोजमापे टाकून देते. म्हणून आधी गाऊशियन गाळणी (शेजाऱ्यांच्या भारित सरासरीने प्रतिमा गुळगुळीत करणारी) लावावी किंवा त्या सत्तावीसांची थेट सरासरी घ्यावी.