पाळ फुटू नये म्हणून

(दृश्य: ड्रोन. सकाळ. काठोकाठ भरलेला तलाव, पाळीवर माणसांची रांग.)

डाव्या हाताला तलाव, उजव्या हाताला पाळीच्या पायथ्याशी गाव. वरून पाहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. तलावातलं पाणी खालच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, कौलांपेक्षा उंचावर आहे. काल रात्रीच्या पावसात ते पाळीवर चढलं होतं. मधे आहे ती मातीची पाळ, आणि पहाटेपासून त्या पाळीवर मुरमाची पोती रचणारी ही माणसं. पोती घरकुलाच्या कामावरची आहेत, सिमेंटची, रिकामी. काही रेशन दुकानातला बारदाना आहे. आपत्तीसाठी राखून ठेवलेलं सामान यात काहीच नाही.

(दृश्य: धानाच्या बांध्या, दूरवर टेकड्या.)

गोंदिया जिल्ह्याचा दक्षिण भाग. नवेगाव बांध इथून लांब नाही. वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून मोकळा होतो. धान पिकवायचं तर पाणी अडवून ठेवायला हवं, हे इथल्या माणसाला धरणं येण्याच्या कितीतरी आधी उमगलं होतं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी उतार पाहिले, दोन टेकाडांमधली फट मातीनं भरली, आणि तलाव उभे केले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा राजाचा शब्द होता, अशी परंपरा सांगतात. नवेगाव बांधच्या तलावाचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं.

इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते. तेव्हाही गावाचे निस्ताराचे हक्क होते. कोणी कुठून पाणी घ्यायचं, गुरं कुठं पाजायची, पाळीच्या डागडुजीला कोणी राबायचं, हे ठरलेलं होतं. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर नाव आलं माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असेल तर तलाव जिल्हा परिषदेचा, त्यापेक्षा मोठा असेल तर राज्याच्या पाटबंधारे खात्याचा. मालकी बदलली, नोंदवही बदलली. पाळीवर राबायला कोणी जायचं, हे मात्र नव्या नोंदवहीत लिहिलंच गेलं नाही.

(दृश्य: कॅमेरा पाळीवरून चालत सलंगीपर्यंत.)

आता पाळीवरून शेवटपर्यंत चला. इथं पाळ उतरत जाते आणि मुरमाड, कडक जमिनीला भिडते. ही सलंग, सरकारी भाषेत सांडवा. तलाव भरला की जादा पाणी इथून निघून जावं, पाळीच्या डोक्यावर चढू नये, यासाठी ठेवलेली वाट. तिला दार नाही, चाक नाही, कुलूप नाही. जुन्या माणसांनी ती मुद्दाम पाळीच्या टोकाला, कडक जमिनीवर ठेवली, म्हणजे वाहत्या पाण्यानं पाळ खाल्ली जाऊ नये. इथून निघालेलं पाणी नाल्यानं खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात जातं, बोडीतून पुढच्या तलावात. अशी साखळी मैलोन्मैल चालते. म्हणून वरचा एक तलाव फुटला की खालच्यांचीही धडगत नसते.

तुडुम वेगळा. तो पाळीच्या पोटातून पाटात पाणी सोडतो, बांध्या भिजवण्यापुरतं. पुराच्या रात्री तुडुम उघडला तर पाळीखालच्या बांध्या बुडतात आणि तलावाची पातळी बोटभरही हलत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. त्या रात्री फोनवरून आलेली पहिली सूचना मात्र तुडुम उघडण्याचीच होती.

मग सलंग असताना पाणी पाळीवर चढलं कसं?

(दृश्य: बांबूची ताटी, अडकलेली जलपर्णी. जवळून.)

हे पाहा. ही बांबूची ताटी ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, मत्स्य सहकारी संस्थेनं लावलेली. पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळ यांचं बीज तलावात सोडतात. संस्था त्यासाठी ठेक्याची रक्कम भरते. सलंग वाहू लागली की मासा पाण्याबरोबर निघतो, आणि यांची वर्षाची कमाई खालच्या गावाच्या जाळ्यात जाते. ताटी लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे; गावातल्या काहींनी ते केलंही. पण तलावावर पोट असलेला माणूस दुसरं काय करील, याचं उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हतं. अडचण ताटीत नाही, ताटी कधी काढायची हे न ठरवण्यात आहे. जोराचं पाणी आलं की जलपर्णीचे गठ्ठे आणि बेशरमच्या फांद्या वाहत येऊन तिला चिकटतात. तासाभरात ताटीची भिंत होते.

त्याखाली हे दगड दिसतात ते मूळचे नाहीत. उन्हाळी धानाला चार दिवस जास्तीचं पाणी मिळावं म्हणून कोणीतरी दगडमाती टाकून सलंग वीतभर उंच केली. वीतभर म्हणजे फार वाटत नाही. पण तलावाच्या सगळ्या पसाऱ्यावर ती वीत पसरली की केवढं पाणी होतं, आणि पाळीचा माथा तेवढाच कमी उरतो.

(दृश्य: नाल्यावरचा रस्ता, दोन सिमेंटचे पाइप.)

आणि हा रस्ता. सलंगीचा नाला इथं गावरस्त्याला आडवा येतो. पूर्वी इथं रपटा होता. पूर आला की पाणी वरून जायचं, माणूस काठावर थांबायचा. मग भराव आला, भरावात दोन पाइप आले. आता माणूस थांबत नाही, पाणी थांबतं. आणि इथं थांबलेलं पाणी मागं सरकत सरकत पुन्हा सलंगीपाशी येतं.

(दृश्य: मोबाइलवरची क्लिप. रात्र. टॉर्चचे उजेड, पाऊस, ओरडा.)

ही क्लिप गावातल्या एका मुलानं घेतलेली आहे. मागून कोणीतरी ओरडतंय, "खाली उतर ना बे, पाळ ओली आहे!"

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा ऑरेंज अलर्ट दुपारीच ग्रुपवर आला होता. पावसाळ्यात असे अलर्ट इतके येतात की लोक त्याखाली अंगठा दाखवून मोकळे होतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी हिशेबात अतिवृष्टी होते. पण मंडळाचं पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि तलावाचं पाणलोट जंगलाच्या बाजूला. गावाचं स्वतःचं माप वेगळं आहे. पाळीवर मारुतीचा ओटा आहे, त्याच्या पायऱ्या तलावात उतरतात. कोणती पायरी बुडाली यावर काय करायचं ते ठरतं. त्या रात्री पाणकर, म्हणजे तलावाच्या पाण्याची वाटणी पाहणारा माणूस, पायऱ्या पाहायला गेला तेव्हा पायरी एकही दिसत नव्हती.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आहे. नागपुरात राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे. सगळं आहे, आणि सगळ्यांना गावात पोचायला रस्ता लागतो. तो रस्ता पाण्याखाली होता. पहिल्या रात्री पाळीवर जे सरकार उभं होतं ते म्हणजे सरपंचबाई, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल आणि महावितरणचा एक लाइनमन.

घंटागाडीच्या भोंग्यावरून दवंडी दिली. लाइनमननं खालच्या टोलीचा पुरवठा बंद केला. आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत, दिवस भरलेली बाई कुठल्या घरात आहे, हे त्यांना यादी न पाहता माहीत होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग उघडले. बैलं, म्हशी सोडून दिल्या. बकऱ्या मात्र लोकांनी सोबत आणल्या, त्या तिसरीच्या वर्गात बांधल्या.

(दृश्य: सकाळ. पाळीच्या खालच्या अंगाला ओल, बारीक झिरपा.)

मातीची पाळ दोन तऱ्हांनी जाते. एक, पाणी माथ्यावरून ओसंडतं आणि मागचा उतार खरवडत नेतं. दुसरी तऱ्हा मुकाट. उंदरा-खेकड्यांची बिळं, बाभळीची मेलेली मुळं, तुडुमाच्या बाजूची पोकळी, यांतून पाणी वाट काढतं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर थोडी सवड असते. गढूळ झालं की समजायचं, पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन निघालंय. पहाटे हा झिरपा गढूळ झाला होता.

इथं पाहा, म्हातारे पोरांना थांबवताहेत. पोरांना वाटलं, भोकात माती कोंबावी. खालून तोंड दाबलं तर पाणी दुसरीकडून फुटतं. म्हणून झिरप्याभोवती पोत्यांचं कडं केलं, आत वाळू आणि गिट्टी टाकली, म्हणजे पाणी येत राहील पण माती येणार नाही. वरच्या अंगाला, तलावाच्या बाजूनं, दोघं दोर बांधून पाण्यात उतरले आणि ताडपत्री लावून तिच्यावर पोती टाकली. ते दोघंही ढिवर टोलीतले होते. तलावाचा तळ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

(दृश्य: जेसीबी सलंगीवर. ताटी उपटली जाते. मग रस्ता.)

जेसीबी शेजारच्या गावात कंत्राटदाराच्या कामावर होता. डिझेल उधारीवर. आधी ताटी निघाली, मग दगड. पाणी सुटलं, पण भरावापाशी येऊन पुन्हा तुंबलं. आता रस्ता कापायचा की नाही? रस्ता ग्रामपंचायतीचा नाही. ज्यांचा आहे त्यांना फोन झाले. तोंडी होकार मिळाला, लेखी नाही. सरपंचबाईंनी खालच्या गावाच्या सरपंचांना फोन केला, पाणी सोडतोय, नाल्याकाठची माणसं हलवा. त्यांचा निरोप आला तेव्हाच जेसीबीचा पंजा रस्त्याला लागला.

आणि हे पाणी.

(दृश्य: कापलेल्या रस्त्यातून लोंढा. काही वेळ निवेदन नाही.)

दुपारपर्यंत मारुतीची वरची पायरी उघडी पडली. संध्याकाळी तहसीलदार आणि बचाव पथक बोटीसह पोचले. बोटीची गरज पडली नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. तो नदीचा, धरणांच्या विसर्गाचा. गावतलावाच्या वाट्याला तेवढी नजर येत नाही. २०२४ च्या जुलैत चंद्रपूरजवळ चिचपल्लीत मामा तलावाची पाळ फुटली, पाणी थेट घरांत शिरलं. त्याही बातमीचं आयुष्य आठवड्याच्या आसपासच.

(दृश्य: शाळेत खिचडीच्या पंगती. मेडिक्लोरच्या बाटल्या. पंचनामा, टेप, चिखल.)

इथं पाळ टिकली, माणूस दगावला नाही. खालच्या टोलीतली काही मातीची घरं बसली, रस्ता कापला तिथल्या काही शेतकऱ्यांच्या बांध्या खरडून गेल्या, त्यांचे पंचनामे झाले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून ते करतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, म्हणत कोणी नाही. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत, मग यादी, मग विशिष्ट क्रमांक, मग केंद्रावर जाऊन अंगठा.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, कपाट, फाइली.)

प्रश्न जेसीबीच्या बिलाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला साठ टक्के पैसा बंधित होता, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेल्या अबंधित पैशाचा आराखडा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेला. त्यात 'पाळ वाचवणे' असं काम नाही, कारण पाळ ग्रामपंचायतीची नाही. ज्या तलावासाठी गाव रात्रभर उभं राहिलं, त्याच्यावर पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात ग्रामपंचायतीलाच उत्तर द्यावं लागेल, अशी धास्ती आहे. डिझेलवाल्याचे पैसे तूर्त वर्गणीतून दिलेत. मे महिन्यात सलंग साफ करायला चार माणसं आणि एक दिवस लागतो. ते चार माणसांचं एक दिवसाचं काम कोणाच्याही आराखड्यात नाही.

(दृश्य: ग्रामसभा. हात वर.)

ग्रामसभेनं ठराव घेतले आहेत. मारुतीची ठरलेली पायरी बुडाली की संस्थेनं ताटी स्वतः काढायची. सलंगीवर दगडमाती टाकणाऱ्यानं ती आपल्या खर्चानं काढायची. आणि रस्त्यावर पाइपऐवजी पूर्वीसारखा रपटा मागायचा. ताटीबद्दल संस्थेची अट आहे, मासा गेला तर ठेक्यात सूट हवी. तो निर्णय गावाच्या हातात नाही. रपट्याचा प्रस्ताव पंचायत समितीतून पुढे गेला आहे. शाळेची बस आणि धानाचे ट्रॅक्टर अडले होते म्हणून कापलेल्या जागी मुरूम टाकून रस्ता सुरू केलाय. भरावात पाइप दोनच आहेत, तेच जुने.