क्रोकेची हिरवळ, टेनिसचं कोर्ट आणि पिकलबॉलच्या रेषा

नमस्कार. मी टेनिस शिकवते. पोटापाण्याचा उद्योगच तो, तेव्हा आज इथं मी अगदी तटस्थपणे बोलेन अशी आशा धरू नका. पण पिकलबॉल आमची कोर्टं खातोय असा जो रडका सूर आमच्या टेनिसवाल्यांनी अलीकडे लावलाय, तोही मला मानवत नाही. पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टावर, पॅडल नावाच्या कडक चपट्या बॅटनं प्लास्टिकचा चेंडू मारायचा खेळ. २०२४च्या विम्बल्डनमध्ये पत्रकारांनी नोव्हाक जोकोविचला या विषयावर छेडलं. तो म्हणाला, क्लबच्या पातळीवर टेनिस धोक्यात आहे; वेळीच काही केलं नाही तर क्लबवाले टेनिसची कोर्टं मोडून तिथं पाडेल (भिंतींच्या आत खेळायचा, टेनिससारखाच खेळ) आणि पिकलबॉल आणतील, कारण त्यात पैसा जास्त सुटतो. मार्टिना नवरातिलोव्हानं त्याआधी, २०२२ मध्ये, ट्विटरवर टोला हाणला होता: पिकलबॉल एवढा लोकप्रिय आहे तर त्या लोकांनी आपली कोर्टं आपण बांधावीत. दोघंही माझी दैवतं. मार्टिनाचं वाचून मी हसले. जोकोविचचं ऐकल्यावर मात्र वही घेऊन हिशेबाला बसले, कारण तो थेट भाड्याबद्दल बोलत होता.

हिशेब सांगतेच, पण आधी थोडं मागं जाऊ या. विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला, तो क्रोके खेळण्यासाठी. लाकडी हातोड्यानं चेंडू तारेच्या कमानींतून ढकलायचा, असा तो संथ खेळ. सात वर्षांनी त्या हिरवळीचा एक तुकडा लॉन टेनिस नावाच्या नव्या फॅडला दिला गेला. १८७७ मध्ये क्लबच्या नावात टेनिस शिरलं, आणि हिरवळीवर फिरवायचा, तट्टू जुंपलेला रोलर दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून टेनिसची स्पर्धा भरवली गेली. तीच पहिली विम्बल्डन. २२ जण उतरले होते. पुढं पाच वर्षांत क्रोके हा शब्द क्लबच्या नावातून चक्क काढून टाकला. १८९९ मध्ये तो परत घेतला, बहुधा जुन्या माणसांची मनं राखायला. म्हणजे आज जागा बळकावली म्हणून जे ओरडतायत, त्यांचं स्वतःचं घरही बळकावलेल्या जागेवरच उभं आहे.

त्या पहिल्या स्पर्धेचा विजेता स्पेन्सर गोर हा मुळात रॅकेट्स या, बंदिस्त कोर्टात भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाचा खेळाडू, शिवाय क्रिकेटवाला. एका खेळातून दुसऱ्यात आलेला. बाकीचे मागं उभे राहून चेंडू परतवत होते, तेव्हा हा जाळीपाशी येऊन हवेतच फटके मारायचा. लोकांना ती लबाडी वाटली. व्हॉलीवर, म्हणजे या हवेतल्या फटक्यांवर, बंधनं घाला, अशी ओरड झाली. गंमत म्हणजे गोरला स्वतःला टेनिसबद्दल फारसा आदर नव्हता. चांगला क्रिकेटपटू किंवा रॅकेट्सपटू या खेळाला लवकरच कंटाळेल, यात विविधता नाही, असं त्यानं नंतर लिहून ठेवलंय. आमच्या क्लबच्या कट्ट्यावर पिकलबॉलबद्दल हेच वाक्य रोज ऐकू येतं, फक्त इंग्रजी तितकं चांगलं नसतं.

आता पिकलबॉलचा जन्म. १९६५चा उन्हाळा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम हे तिघं मित्र. घरातली मंडळी कंटाळलेली, अंगणात जुनं बॅडमिंटनचं कोर्ट, हाताशी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू. बॅडमिंटनची जाळी खाली आणून ३६ इंचांवर बांधली आणि खेळ सुरू झाला. कोर्ट मात्र बॅडमिंटनचंच राहिलं, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. सगळं भांडण या दोन आकड्यांत आहे.

टेनिसचं कोर्ट ७८ फूट बाय ३६ फूट. भोवतीची पळायची जागा धरली तर १२० बाय ६०, म्हणजे ७,२०० चौरस फूट. पिकलबॉलला पळायच्या जागेसकट ६० बाय ३० पुरतं, १,८०० चौरस फूट. एकात चार बसली. टेनिसची एकेरी लावलीत तर त्या ७,२०० फुटांवर तासभर दोन माणसं. पिकलबॉलच्या चार दुहेरी लावल्या तर सोळा. जिथं जागेचं भाडं तासावर मोजतात तिथं पुढचं मी सांगायला नको. टर्फवाल्यांना हे आमच्याआधी कळलं. त्यांनी बॉक्स क्रिकेटची जाळी तशीच ठेवली आणि खाली रेषा मारल्या.

पण याचा अर्थ टेनिस मरतंय असा नाही. अमेरिकेत, जिथं हे वादळ उठलं, तिथलेच आकडे पाहा. तिथल्या टेनिस संघटनेच्या हिशेबानं २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख लोक टेनिस खेळत होते, २०२४ मध्ये २ कोटी ५७ लाख. पिकलबॉल २०२४ मध्ये १ कोटी ९८ लाखांवर पोचला. दोन्ही वाढले. कोविडनं लोकांना घराबाहेर काढलं, त्याचा फायदा दोघांना झाला. कमी पडली ती कोर्टं.

आता टेनिसवाला पिकलबॉलच्या कोर्टावर पहिल्यांदा उतरतो तेव्हा काय होतं, ते जरा जवळून बघू. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा वेळ झाला तरी घंटा वाजवू नका.

आमच्याकडे एक डॉक्टर मेंबर आहेत. साठीचे, फोरहँड अजून खणखणीत, गुडघे मात्र गेलेले. पहिल्या दिवशी ते पॅडल घेऊन आले आणि टेनिसच्या सवयीनं हात पार मागं नेला. हात पुढं येईस्तोवर चेंडू निघून गेला होता. टेनिसचा चेंडू ५६ ग्रॅमच्या वर, चांगली उसळी घेतो. हा पंचवीसेक ग्रॅमचा, पोकळ, भोकांचा. हवेत त्याचा वेग चटकन मरतो आणि टप्पा पडला की तो जमिनीलगतच राहतो. तो वर येईल म्हणून थांबणारा माणूस थांबूनच राहतो. दुसरी सवय बेसलाइनची, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेशी राहायची. टेनिसमध्ये एकेरीत तुमच्या बाजूला २७ फूट बाय ३९ फूट, म्हणजे हजार चौरस फुटांहून जास्त जागा तुम्ही एकट्यानं राखता, म्हणून मागं राहून पळता. पिकलबॉलच्या दुहेरीत माणशी २२० फूट. तिथं पळायचं कुठं? सगळा खेळ पुढं, जाळीपासून सात फुटांवरच्या रेषेशी. त्या सात फुटांना ‘किचन’ म्हणतात. आत उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही, मारता मारता तोल जाऊन आत पाय पडला तरी फाऊल. स्पेन्सर गोरला जे करू देऊ नका म्हणून १८७७ मध्ये लोक ओरडत होते, त्यावरची बंदी या तिघा मित्रांच्या खेळानं नियमातच बसवून टाकली.

आणि खरी मेख सर्व्हिसमध्ये आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याचं पारडं जड. मोठ्या स्पर्धांत पुरुषांचा सामना बघा, सर्व्हिस मोडली, म्हणजे सर्व्हिस करणाराच गेम हरला, तर बातमी होते. पिकलबॉलमध्ये उलटं. सर्व्हिस कमरेच्या खालून, खालून वर मारायची. समोरच्यानं ती टप्पा पडल्यावरच परतवायची, आणि तो परतलेला चेंडूही तुम्ही टप्पा पडू देऊनच मारायचा. तेवढ्यात समोरची जोडी चालत किचनच्या रेषेशी येऊन उभी राहिलेली असते आणि तुम्ही दोघं मागं, आपल्या किचनच्या रेषेपासून पंधरा फूट लांब, अडकलेले. मग तिसरा फटका अलगद, जाळीवरून जेमतेम जाऊन त्यांच्या पायाशी पडेल असा टाकायचा, म्हणजे पुढं यायला वेळ मिळतो. टेनिसवाल्याला इथं जोरात ठोकायचा मोह होतो. तो ठोकतो, समोरचे जागेवरून न हलता चेंडू त्याच्या बुटावर आणून देतात. डॉक्टरांना हा तिसरा फटका शिकायला एक पावसाळा गेला. बायको मात्र आठवड्यात शिकली. तिला टेनिसच येत नव्हतं, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं.

व्यावसायिकांचीही हीच कथा, फक्त पैसे जास्त. जॅक सॉक विम्बल्डनची दुहेरी दोनदा जिंकलेला, रिओ ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत सुवर्णपदक मिळवलेला. २०२३च्या यूएस ओपननंतर टेनिस सोडून पिकलबॉलच्या दौऱ्यावर गेला. दुहेरीचा माणूस, हात मऊ, त्याला जमून गेलं. सॅम क्वेरी २०१७चा विम्बल्डन उपांत्य फेरीवाला, तोही गेला. युजिनी बुशार २०१४ची विम्बल्डन उपविजेती. तिला सुरुवातीला पिकलबॉलच्या कोर्टावर नावही नसलेल्या मुलींनी पाणी पाजलं. याउलट अ‍ॅना ली वॉटर्स. २०१७ मध्ये चक्रीवादळामुळे फ्लोरिडाचं घर सोडून ही दहा वर्षांची मुलगी आईबरोबर आजोबांकडे पेनसिल्व्हेनियात गेली, तिथं आजोबांनी दोघींना हा खेळ लावला. बाराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली आणि पुढं जगात पहिल्या क्रमांकावर. २०२५ मध्ये आंद्रे अगासी फ्लोरिडातल्या स्पर्धेत मिश्र दुहेरी खेळायला उतरला, तो तिचा जोडीदार म्हणून. एक सामना जिंकले, दुसरा हरले. त्या जोडीत नवखा कोण होता हे सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हा खेळ आला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांमुळे. परदेशात त्यांनी तो पाहिला आणि २००६-०७च्या सुमारास पॅडल-चेंडू इथं आणून लोकांना खेळायला लावलं. तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. पैसा आला तसे दावेदार आले: २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयानं वेगळ्याच संघटनेला मान्यता दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं. खेळ मोठा झाल्याची आपल्याकडची हीच खूण, पुढं जाऊ.

मला जास्त रस आहे नाटेकरांच्या घरात. नंदू नाटेकर सांगलीचे. बॅडमिंटनमध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, १९५६ साली. १९६१ मध्ये पहिल्यावहिल्या अर्जुन पुरस्काराचे एक मानकरी. पण सुरुवातीला ते टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. त्यांचा मुलगा गौरव उलट टेनिसमध्ये राहिला, राष्ट्रीय विजेता झाला, १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक आणलं. आणि २०२५च्या सुरुवातीला मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर, जी वर्ल्ड पिकलबॉल लीग भरली, ती उभी करणारे कोण? गौरव नाटेकर आणि त्यांच्या पत्नी आरती पोनप्पा. त्याही टेनिसच्याच. टेनिस खेळणारा मुलगा शेवटी वडिलांच्या कोर्टाच्या मापावर आला. या घराला कुणी फितूर म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

मग माझं दुखणं काय? खेळ बदलणाऱ्यांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पन्नाशीनंतर खांदा आणि गुडघा सांभाळून कुणी चार मित्रांत हसतखेळत घाम गाळत असेल तर चांगलंच आहे. फक्त धावत मागं जाऊन चेंडू घेऊ नका, या वयात त्यातच लोक पडतात आणि मनगटं मोडतात. माझं दुखणं मुलांबद्दल आहे. मी शिकवत होते त्या एका क्लबात दोन कोर्टांपैकी एकावर आधी निळ्या रेषा आल्या. टेनिसच्या पांढऱ्या रेषांत त्या मिसळल्या, आणि लहान मुलं चेंडू आत की बाहेर यावर भांडायला लागली. मग संध्याकाळी पाच ते सातचा स्लॉट गेला, कारण मोठ्यांना तोच हवा. मग आवाज. कडक पॅडलवर कडक प्लास्टिक, एका मिनिटात कितीदा तरी टॉक टॉक, आणि शेजारच्या कोर्टावर मी मुलांना सांगतेय की चेंडू तारेवर लागल्याचा आवाज ऐका. अखेर मुलांची बॅच सकाळी साडेपाचला ढकलली. शाळेच्या दिवसांत साडेपाचला किती पालक येणार? मॅनेजिंग कमिटीला मी जाब विचारला तर सांगितलं, मॅडम, मुलांच्या फीमध्ये लाइटचं बिलही निघत नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता.

टेनिसपटू तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत ते मूल क्लबला फायदा मिळवून देत नाही. इंग्लंडात, फ्रान्समध्ये संघटना तो तोटा सोसतात. आपल्याकडे तो आजवर कोर्ट रिकामं पडल्यामुळे आपोआप सोसला जायचा. दुपारी तीनला कुणी नसायचं, मग पोरं भिंतीवर मारत बसायची. पिकलबॉलनं ते रिकामं कोर्ट संपवलं. आता तोटा कुणीतरी ठरवून, मिनिट बुकात लिहून सोसावा लागेल: आठवड्याचे इतके तास, या वेळेला, बारा वर्षांखालच्यांना. एवढा एक ठराव आपापल्या क्लबच्या वार्षिक सभेत मांडा. त्याला पिकलबॉलवालेसुद्धा मत देतील, त्यांचीही नातवंडं आहेत.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलगी नऊ वर्षांची आहे, टेनिसला घालू की पिकलबॉलला?’ ताई, वॉटर्सचं उदाहरण मीच दिलं, तेव्हा तुम्ही मला त्यात पकडणार हे उघड आहे. तरी मी टेनिसच म्हणेन. नवव्या वर्षी खांदा, कंबर, पाय यांचा मोठा फटका अंगात बसला तर पुढं तो आखडता येतो. वॉटर्सही लहानपणी टेनिस खेळलेली आहे. छोट्या फटक्यावरून मोठ्याकडे जाताना मी फार थोडी मुलं पाहिली आहेत. मात्र फी भरण्याआधी एक करा. क्लबात संध्याकाळी साडेपाचला जा, मुलांच्या बॅचला खरोखर कोर्ट मिळतं का ते डोळ्यांनी बघा, आणि तिथल्या कोचला विचारा की पुढच्या वर्षीही ते मिळणार आहे का. कोच गडबडला तर दुसरा क्लब बघा.