मोबाइलला खड्डा कळतो कसा?

नमस्कार, श्रोतेहो.

फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, चाललात की पावलं मोजली जातात. ही दोन्ही कामं ऍक्सेलरोमीटर नावाच्या एका छोट्या चिपमुळे होतात. रस्त्यावरचे खड्डे शोधायलाही हीच चिप वापरतात. आजचा विषय तोच: खड्डा कळतो कसा, आणि पुष्कळदा कळत का नाही.

चिपच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्या बदलावरून वेगातला फरक विद्युत रूपात मोजला जातो. एक गोष्ट मात्र आधी पक्की ध्यानात घ्या. टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनमध्ये हे मापक शून्य दाखवत नाही, ते 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) दाखवतं. टेबल फोनला वर रेटून धरत असतं, त्याचा हा आकडा. फोन हातातून सुटून खाली पडत असतो, तेवढ्या क्षणभरात तो शून्याजवळ येतो.

खड्ड्याची खूण यातूनच निघते. चाक खड्ड्यात उतरलं की गाडीखालचा आधार क्षणभर कमी होतो आणि आकडा 9.8 च्या खाली घसरतो. मग चाक पलीकडच्या काठावर आदळतं आणि आकडा एकदम वर उसळतो. गतिरोधकावर हाच क्रम उलटा: आधी वर, मग खाली. कागदावर किती सोपं! रस्त्यावर मात्र तसं राहत नाही.

2008 साली यावर दोन महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतल्या एमआयटीचा. बोस्टनमधल्या 7 टॅक्सींमध्ये मापक एका जागी घट्ट बसवलेलं होतं. दुसरा बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधला, नाव नेरिसेल. वेंकट पद्मनाभन, रामचंद्रन रामजी आणि प्रशांत मोहन यांचा. आपल्या रस्त्यांच्या दृष्टीनं मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. फोन गाडीत कसाही पडलेला असेल, रस्ता गजबजलेला असेल, हॉर्न अखंड वाजत असतील, हे सगळं त्यात आधीच गृहीत धरलं होतं. हॉर्नचे आवाजसुद्धा मायक्रोफोनमधून ओळखून गर्दीचा अंदाज घेतला होता.

कसाही पडलेला फोन ही अडचण मोठी. फोनचे तीन अक्ष त्याच्या स्क्रीनशी बांधलेले असतात: एक उजवीकडे, एक वरच्या कडेकडे, एक स्क्रीनमधून बाहेर. फोन तिरका असला तर खड्ड्याचा दणका तिन्ही अक्षांवर वाटला जातो. उपाय असा: काही सेकंदांच्या नोंदींची मधली किंमत घ्यायची. धक्के दोन्ही बाजूंचे असल्यानं ते त्यातून गळून जातात, गुरुत्व उरतं, आणि ‘वर’ कुठे ते समजतं. पण ‘पुढे’ कुठे? त्यासाठी जोराचा ब्रेक लागण्याची वाट पाहायची. जीपीएसवरून वेग झपाट्यानं कमी होताना दिसला की त्या वेळचा आडवा झटका गाडीच्या लांबीच्या दिशेनं असतो. दोन दिशा मिळाल्या की तिसरी गणितानं येते. मध्येच कुणी फोन उचलून बोललं, तर हे सगळं पहिल्यापासून.

आता वेगाचा हिशेब. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. सेकंदाला 50 नोंदी घेतल्या तर दर 20 सेंटिमीटरला एक नोंद पडते, आणि 60 सेंटिमीटरच्या खड्ड्याच्या वाट्याला जेमतेम 3 येतात. अँड्रॉइडच्या साध्या सेटिंगवर दोन नोंदींत सुमारे 200 मिलिसेकंदांचं अंतर असतं. तेवढ्यात गाडी 2 मीटर पुढे जाते आणि खड्डा मधल्या मध्ये हरवतो. जीपीएस सहसा सेकंदाला एकदा जागा सांगतं, म्हणजे दर 10 मीटरला, आणि त्यात काही मीटरची चूक असतेच. म्हणून एका गाडीच्या एका नोंदीवर विसंबायचं नसतं. वेगवेगळ्या गाड्यांच्या नोंदी जवळजवळ एकाच जागी जमल्या तरच तिथे खड्डा धरायचा.

हळू चालणाऱ्या वाहतुकीत आणखी एक पंचाईत. वेग कमी असला की काठावरची उसळी अगदी बारीक येते. म्हणून नेरिसेलनं ताशी 25 किलोमीटरखाली नियमच बदलला. उंच टोक शोधायचं सोडून, आकडा गुरुत्वाच्या 0.8 पटीखाली निदान 20 मिलिसेकंद टिकतो का, ते पाहिलं.

दुचाकीवाल्यांसाठी इंजिनाचा त्रास वेगळा. मिनिटाला 4500 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 75. तुम्ही सेकंदाला 100 नोंदी घेत असाल तर त्या इतक्या वेगवान कंपनाला पुरत नाहीत, ते सेकंदाला 25 चं असल्यासारखं दिसतं आणि चांगल्या रस्त्यावरही खडखडाट नोंदला जातो. जाता जाता, मोटरसायकलच्या जोरदार कंपनानं आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनंच 2021 मध्ये दिला आहे. होल्डरवर आयफोन लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्वतः करून पाहायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. त्यात अधिकच्या चिन्हावरून साधा प्रयोग तयार करता येतो. ऍक्सेलरोमीटर आणि जीपीएस दोन्ही निवडा. आधी फोन टेबलावर सपाट ठेवून 9.8 येतंय का ते बघा. थोडा फरक असेल तर लिहून ठेवा, नंतर वजा करता येतो. मग फोन गाडीत घट्ट बसवा. खिशात ठेवू नका, कारण शरीर धक्का गिळून टाकतं. गाडी उभी, इंजिन चालू, अशी एक मिनिटाची नोंद घ्या: हा तुमच्या गाडीचा स्वतःचा गोंगाट. मग ओळखीच्या रस्त्यानं एकाच वेगानं जा. फोन सोबतच्या माणसानं हाताळायचा, चालकानं नाही. नोंदी एक्सेलमध्ये काढून कुणाला देणार असाल तर सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग कापा, नाहीतर नकाशावर तुमचं घर दिसतं.

आलेखात खरा दणका ओळखायची सोपी युक्ती म्हणजे जोडी शोधणं. पुढचं चाक आदळतं, मग मागचं. कारच्या दोन चाकांत 2.4 मीटर अंतर धरलं तर ताशी 36 किलोमीटरच्या वेगाला दुसरा दणका 0.24 सेकंदानं येतो, मोटरसायकलचा साधारण 0.13 सेकंदानं. जोडी नसेल तर बहुधा दार आपटलं असेल किंवा फोन सरकला असेल. चारचाकीत आणखी एक कसोटी लागते. खड्डा सहसा एकाच बाजूच्या चाकाखाली येतो, त्यामुळे आडवा झटकाही बसतो. गतिरोधक किंवा पुलावरचा सांधा दोन्ही बाजूंना सारखाच लागतो.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. सर्वांत मोठा खड्डा बहुतेकदा नोंदीत येतच नाही, कारण रोजचे लोक तो चुकवतात. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला असेल तर वेगही कमी करतात. बोस्टन शहरानं ‘स्ट्रीट बंप’ नावाचं ॲप काढलं तेव्हा दुसराच प्रश्न पुढे आला. ज्या वस्तीत स्मार्टफोन कमी, तिथून नोंदीही कमी. तिथले खड्डे नकाशावर विरळ दिसायचे. फोन आता आपल्याकडे सर्वत्र आहेत, पण चुकवलेल्या खड्ड्याचं काय? तिथे जायरोस्कोप उपयोगी पडतो. तो वळण मोजतो. दणका शून्य, पण त्याच 10 मीटरांत पुष्कळ गाड्या झटकन एका बाजूला जाऊन परत सरळ होत असतील, तर तिथे काहीतरी आहे. फक्त रस्त्याकडेला उभा केलेला ट्रकही हुबेहूब असंच चित्र देतो. म्हणून सकाळच्या नोंदी रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. ट्रक निघून जातो, खड्डा तिथेच असतो.