लडलो: बाजारानं घडवलेलं इंग्लिश गाव

नमस्कार मंडळी! इंग्लंडला गेलात, तर लंडनमधून सवड काढा आणि वेल्सच्या सीमेजवळच्या लडलोला जा. आणि जायचं ते बाजाराच्या दिवशीच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, किल्ल्यासमोरच्या चौकात पालं लागतात.

अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी या नॉर्मन सरदार घराण्यानं इथे टीम नदीवर किल्ला बांधायला घेतला. पुढच्या शतकात त्याच्या दारातून सुरू होणारी रुंदच रुंद बाजारपेठ आखली गेली. आता गावाचा नकाशा बघा. चौक मोकळा आहे, पण थोडं पुढे सरकलं की एकदम अरुंद बोळ. का? मधल्या जागेत विक्रेते पालं ठोकून बसत. पालांची पक्की दुकानं झाली, दुकानांवर माड्या चढल्या आणि पेठेचा मधला भागच भरून गेला. मला लडलोमध्ये सगळ्यात आवडतात ते हे बोळ. बाजार कसा वाढला, ते इथे चालता चालता कळतं.

लोकर आणि कापडाच्या व्यापारानं गावात पैसा आला, तो सेंट लॉरेन्स चर्चमध्ये दिसतो. मनोरा 41 मीटर उंच आहे, पण तुम्ही गायकवृंदाच्या लाकडी आसनांकडे जा. त्यांच्या खालच्या बाजूला मध्ययुगीन कोरीवकाम आहे. एका आसनाखाली मापात पाप करणारी दारूवाली कोरलीय, तिच्या खोट्या मापासकट सैतान तिला नरकात नेतोय!

आता किल्ला. इथे बसणाऱ्या राजाच्या मंडळानं (कौन्सिल ऑफ वेल्स अँड द मार्चेस) वेल्सचा कारभार पाहिला. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर इथेच 1502 मध्ये वारला. 1689 मध्ये मंडळ बरखास्त झालं आणि किल्ल्याची पडझड सुरू झाली. 1811 मध्ये तो सरकारकडून विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हनं. म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. हाच रॉबर्ट 1756 मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध चालून आला होता, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून. आपल्यासाठी लडलोच्या भिंती परक्या नाहीत, त्या या धाग्यामुळे.

शेवटी ब्रॉड स्ट्रीट उतरा. गावाच्या सात वेशींपैकी ब्रॉड गेट तेवढी उरलीय. तिच्यावर घर आहे आणि खालून आजही गाड्या जातात. श्रूजबरी-हेरफर्ड मार्गावर लडलोचं स्टेशन आहे, तिथून गावात चालतच जाता येतं. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे बाजार भरताना बघायला मिळेल.